एम म्हणजे नक्की कोण?

फिजिक्समध्ये सगळ्यात जास्त राबवून घेतलेलं अक्षर कुठलं असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून सांगेन, स्मॉल एम. मीटर म्हणजे एम, मिली म्हणजे एम, वस्तुमान म्हणजे एम, आलेखाचा चढ म्हणजे एम, ताऱ्याची दृश्यप्रत (तो किती तेजस्वी दिसतो ते) म्हणजे एम, क्वांटममध्ये गेलात तर मॅग्नेटिक क्वांटम नंबर तोही एम. आणि मग मिलीमीटर येतो, तिथे दोन एम शेजारी शेजारी बसलेले असतात, पहिला आकडा लहान करणारा आणि दुसरा अंतर सांगणारा, दिसायला अगदी एकसारखे.

मी विज्ञानाच्या पुस्तकांची प्रूफं तपासते, त्यामुळे ही सगळी मंडळी रोजच्या ओळखीची झालीयेत. छापील पुस्तकात यांना वेगळं करायची एक सोय आहे, राशीचं अक्षर तिरपं छापायचं आणि एककाचं सरळ. म्हणजे तिरपा एम दिसला की वस्तुमान, सरळ एम दिसला की मीटर. ही सोय आहे हे बऱ्याच शिकलेल्या लोकांनाही माहीत नसतं, आणि माहीत असून उपयोगही फारसा नाही, कारण फळ्यावर सगळीच अक्षरं हाताच्या वळणाने तिरपी होतात. तिथे मग असं समीकरण उभं राहतं: सी बरोबर क्यू भागिले व्ही, म्हणजे सी बरोबर पाच सी भागिले दहा व्ही. डावीकडचा सी कपॅसिटन्सचा, उजवीकडचा कूलॉमचा, पहिल्या समीकरणातला व्ही व्होल्टेजचा, दुसऱ्यातला व्होल्टचा. एखादं पोरगं दोन्ही बाजूचे सी कापून मोकळं होतं, आणि खरं सांगायचं तर बीजगणितात त्याला जे शिकवलं तेच त्याने केलेलं असतं. कामाचं चिन्ह डब्ल्यू, पण वॅटचा डब्ल्यू कामाचा नाही, पॉवरचा, आणि पॉवरचं चिन्ह पी, जो पी दाबालाही लागतो, आणि स्मॉल केला की संवेगालाही. ही घडी कुणी मुद्दाम इतकी बिघडवू शकला नसता.

नुसत्या मोकळ्या जागेनेही अर्थ फिरतो. एम आणि एस जोडून लिहिले की मिलीसेकंद, मध्ये फट सोडली की मीटर गुणिले सेकंद. टॉर्कचं एकक न्यूटन मीटर असं एन आधी ठेवून लिहितात ते याचसाठी, उलटं लिहिलं आणि फट राहिली तर मीटर न्यूटन, फट बुजली तर मिलीन्यूटन. कंपोझ करताना ओळ मावत नाही म्हणून एक स्पेस काढली, एवढंच पुरतं त्याला.

आपल्या लिपीत कॅपिटल-स्मॉल हा प्रकारच नाही, आपण सरळ किमी, सेंमी, मिमी लिहितो, आणि माझं मत असं की या बाबतीत आपण जरा सुखी आहोत, कारण मिली आणि मेगा यांची पहिली अक्षरंच वेगळी पडतात. (मि. म्हणजे मिनिट की मिली हा घोळ आहेच, पण तो निदान वाक्यात सुटतो.) रोमनमध्ये मात्र सगळा भार एका अक्षराच्या उंचीवर. स्मॉल एम आणि कॅपिटल डब्ल्यू म्हणजे मिलीवॅट, तोच एम कॅपिटल केला की मेगावॅट, आणि दोघांमधला फरक एक अब्ज पट. भिंतीवर लाल ठिपका पाडणारा लेझर पॉइंटर पाच मिलीवॅटपेक्षा कमीचा असतो, पाच मेगावॅटची म्हणाल तर समुद्रातली एक अख्खी पवनचक्की.

यावर लोक म्हणतात की हो पण संदर्भावरून कळतंच ना, पवनचक्की हातात धरून कोण भिंतीवर ठिपका पाडणार. कळतं, बहुतेक वेळा कळतं. पण सूर्याचं उदाहरण बघा. सूर्याचा पृष्ठभाग साधारण पाच मिनिटांच्या तालावर वरखाली होत असतो, म्हणजे वारंवारता येते जवळपास तीन मिलीहर्ट्झ, आणि या आंदोलनांवरून सूर्याच्या आतलं वाचणारी एक अख्खी शाखा आहे, तिच्या आलेखांवर सगळीकडे मिलीहर्ट्झ. आता जगात बाकी सगळ्यांना मेगाहर्ट्झची इतकी सवय की असा मजकूर समोर आला की प्रूफ तपासणाऱ्याचा हात तो एम कॅपिटल करायला शिवशिवतो, आणि केला तर ओळ अजून व्यवस्थितच दिसते, बघणाऱ्याला काही खटकत नाही, फक्त सूर्य पाच मिनिटांऐवजी सेकंदाला तीस लाख वेळा थरथरायला लागतो.

बरं, कॅपिटल म्हणजे मोठं आणि स्मॉल म्हणजे लहान असा नियम पाठ करावा तर तोही अर्धाच. मेगा, गिगा, टेरा आणि त्यापुढचे सगळे कॅपिटल, पण किलो, हेक्टो आणि डेका मोठं करणारे असूनही स्मॉल. कारण हे तिघे म्हातारे आहेत. फ्रान्समध्ये १७९५ साली मेट्रिक पद्धत आली तेव्हा डेका, हेक्टो, किलो आणि डेसी, सेंटी, मिली हे उपसर्ग होते. मेगा आणि मायक्रो एकोणिसाव्या शतकात आले, गिगा, टेरा, नॅनो, पिको १९६०च्या एसआयमध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत, अधिकृत झाले, आणि नियम करायची वेळ आली तोवर किलोग्रॅम-किलोमीटर लोकांच्या हाडीमाशी खिळले होते. आता किलोचा के मोठा करावा म्हटलं तर ती जागा केल्विनने अडवलेली. म्हणून कॅपिटल के लावून लिहिलेले किलोमीटर वाचताना काटेकोर माणसाला ते केल्विनमीटर वाचायला हवेत. कॉम्प्युटरवाल्यांनी कॅपिटल के वापरला तो तर हजार नाही, १०२४, त्यासाठी मग १९९८ मध्ये किबी नावाचा वेगळा उपसर्ग काढावा लागला, जो लोकांच्या तोंडी काही बसला नाही.

२०२२ मध्ये चार नवे उपसर्ग आले, रोना, क्वेटा, रोंटो, क्वेक्टो. आर आणि क्यू ही अक्षरं निवडली कारण बाकीची सगळी या ना त्या एककाने किंवा उपसर्गाने आधीच बळकावलेली. पुढच्या वेळी काय करणार हे मला बघायचंय.

माणसाच्या नावावरून एकक पडलं की चिन्ह कॅपिटल, हाही एक नियम. न्यूटनचा एन, पास्कलचा पीए, वेबरचा डब्ल्यूबी. सेकंद कुणाचं नाव नाही म्हणून स्मॉल एस, सीमेन्स माणसाचं नाव म्हणून कॅपिटल एस. (सीमेन्सचं पूर्वीचं नाव म्हो होतं, ओहम उलटा वाचलेला, आणि चिन्हही उलटा ओमेगा. मला तेच आवडायचं, १९७१ मध्ये सीमेन्स आलं आणि म्होला उतरती कळा लागली.) या नियमाला लिटरने चांगलाच इंगा दाखवला. लिटरचं चिन्ह स्मॉल एल, आणि टाइपरायटरवर स्मॉल एल आणि एक हा आकडा दिसायला जुळे भाऊ, ११ लिहिलंय की १ लिटर ते कळेना. कॅपिटल एल घ्यावा तर लिटर नावाचा माणूस हवा. तेव्हा कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या केनेथ वूलनर यांनी १९७८ मध्ये एप्रिल फूल म्हणून असा माणूस बनवलाच, क्लोद एमिल जाँ-बॅप्टिस्ट लितर, अठराव्या शतकातला फ्रेंच, त्याचं रीतसर चरित्र लिहिलं, आणि पुढे एका आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्राच्या नियतकालिकाने ते खरं समजून छापलं आणि मग मागे घेतलं. इकडे १९७९ मध्ये मापनाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने, बहुधा कपाळाला हात लावूनच, लिटरला दोन्ही एल चालतील असं ठरवून टाकलं. म्हणजे आजही लिटरला अधिकृत चिन्हं दोन आहेत, आणि हा अपवाद मला त्या सगळ्या कोष्टकातला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो, कारण तो वाचणाऱ्याकडे बघून घेतलाय.

आता माझं खरं दुखणं, म्यू.

म्यू हा ग्रीक अक्षरमालेतून आणला, मायक्रोसाठी, कारण एम उरलाच नव्हता. पण मायक्रो हा नुसता उपसर्ग, आणि त्याच काळात म्यू एकटाच, शेपटीला काही न लावता, मायक्रॉन या अंतराचंही चिन्ह होता. मग त्या मायक्रॉनला मिली लावून मिलीमायक्रॉन केला, जो म्हणजे आजचा नॅनोमीटर. जुन्या प्रकाशशास्त्राच्या पुस्तकांत तरंगलांबी एम म्यूमध्ये दिलेली दिसते आणि आजच्या विद्यार्थ्याला वाटतं काहीतरी टाकायचं राहिलं. १९६७-६८ मध्ये मायक्रॉन रद्द झाला, चिन्हासकट. बोलण्यातून तो गेला नाही, धुळीचे कण मोजणारे अजून मायक्रॉनच म्हणतात.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये याहून मजा. जुन्या कपॅसिटरवर एमएफडी असं छापलेलं असायचं आणि तो एम मिलीचा नसून मायक्रोचा. त्याहून लहान कपॅसिटरवर डबल एम, म्हणजे मायक्रोमायक्रोफॅरड, म्हणजे आजचा पिकोफॅरड. नवख्या माणसाला हे वाचून चक्कर येईल, पण रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला कधीच अडचण आली नाही कारण मिलीफॅरडचा कपॅसिटर त्याच्या टेबलावर कधी येतच नव्हता. मला वाटतं या सगळ्या विषयाचं गुपित तिथे आहे. चिन्ह बनतं ते एकमेकांना ओळखणाऱ्या लोकांत. घरात नुसतं 'अहो' म्हटलं तरी कुणाला म्हटलं ते कळतं, तेच 'अहो' भर गर्दीत म्हटलं की दहा जण वळून बघतात. एमएफडी त्या टेबलावर बरोबरच होतं, ते तिथून उठून दुसऱ्या टेबलावर गेलं तेव्हा बिघडलं. म्हणून जुने लोक गलथान होते असं जे सहज बोललं जातं ते मला पटत नाही.

आणि प्रवास म्यूइतका कुठल्याच चिन्हाला बाधत नाही. टाइपरायटरवर तो नव्हता म्हणून लोक स्मॉल यू मारायचे, ते निदान प्रामाणिक होतं, कुणालाही कळायचं की ही तात्पुरती सोय आहे. मग कॉम्प्युटर आले आणि सिंबॉल नावाचा फॉन्ट आला, त्यात तुम्ही एम दाबला की स्क्रीनवर म्यू दिसायचा आणि डब्ल्यू दाबला की ओमेगा. दिसायचा फक्त. आत फाइलमध्ये तो एमच असायचा. ती फाइल दुसरीकडे उघडली, फॉन्ट उडाला, की म्यूचा परत एम आणि ओमेगाचा परत डब्ल्यू. दहा किलोओहमचा रेझिस्टर दहा किलोवॅटचा झाला की निदान हसू तरी येतं आणि कळतं. मायक्रोमीटरचा मिलीमीटर होतो तेव्हा कळत नाही, कारण मिलीमीटर हे अगदी सभ्य, रोजचं एकक आहे, वाक्यात गुपचूप बसतं. अशी चूक स्पेलचेकला सापडत नाही, वाचून सापडत नाही, ती फक्त विषय माहीत असलेल्याला आकडा बघून सापडते. आजही दोन म्यू आहेत बरं का, युनिकोडमध्ये एक मायक्रोचा आणि एक ग्रीक भाषेचा, दिसायला तंतोतंत सारखे, आणि एकाचा सर्च मारला की दुसरा सापडेलच असं नाही.

हेच औषधांच्या बाबतीत घडलं तर मायक्रोग्रॅमचा मिलीग्रॅम होतो, म्हणजे डोस हजार पट. घाईत हाताने लिहिलेला म्यूही एमसारखा दिसतो. म्हणून औषधसुरक्षेवर काम करणाऱ्या संस्था म्यू वापरूच नका म्हणतात, एमसीजी असं लिहा नाहीतर मायक्रोग्रॅम पूर्ण लिहा. त्याच यादीत युनिटसाठी एकटा यू लिहू नका असंही असतं, कारण आकड्याला चिकटलेला यू शून्य वाचला जातो आणि दहाचे शंभर होतात. एसआयच्या काटेकोर लोकांना एमसीजी खपत नाही, नियमाने ते चिन्हच नाही, आणि फिजिक्सच्या प्रूफात आलं तर मीही ते कापेन. पण औषधाच्या बाटलीवर ते हवंच, आणि तिथे कुणी मला नियम दाखवला तर मी त्याच्याशी भांडेन.

एसआय स्वतःही सगळीकडे नियमाला चिकटून बसत नाही हे फार कमी लोक बघतात. हर्ट्झ आणि बेकेरेल दोन्ही म्हणजे सेकंदाचा व्यस्त. ग्रे आणि सीव्हर्ट दोन्ही म्हणजे ज्यूल दर किलोग्रॅम. मग वेगळी नावं कशाला? तर एसआयच्या अधिकृत पुस्तिकेतच लिहिलंय की किरणोत्साराच्या एककांना ही खास नावं दिली कारण नुसतं ज्यूल दर किलोग्रॅम लिहून गोंधळ झाला तर माणसाच्या जिवाला धोका. म्हणजे इतरत्र तर्क, आणि जीव आला तिथे नाव. टॉर्क आणि ऊर्जा यांचंही असंच, दोन्ही न्यूटन गुणिले मीटर, पण टॉर्कला ज्यूल म्हणायचं नाही, ऊर्जेला म्हणायचं.

बाकी किरकोळ भानगडी अनंत आहेत. जीवाय म्हणजे ग्रे की गिगावर्ष, खगोलवाले त्यात आर घालतात आणि भूशास्त्रवाले जीए लिहितात. रॅड म्हणजे रेडियन, आणि रॅड म्हणजे किरणोत्साराचं जुनं एकक. पीपीटी म्हणजे हजारात एक की लाख कोटीत एक, समुद्राच्या पाण्याची क्षारता मोजणारा आणि प्रदूषण मोजणारा वेगवेगळं सांगतील. नॅचरल गॅसच्या धंद्यात कॅपिटल एम म्हणजे हजार, रोमन आकड्यातला, आणि दशलक्षासाठी डबल एम, तिथे मेगा घेऊन गेलात तर हजार पटीने फसाल. आहाराच्या कॅलरीत फिजिक्सच्या हजार कॅलरी. चौरस किलोमीटर म्हणजे हजार चौरस मीटर नव्हे, दहा लाख, कारण घात उपसर्गासकट सगळ्यावर चढतो, आणि हे एवढंसं नीट समजलं तर निम्म्या चुका होणारच नाहीत असं माझं मत आहे. किलोवॅट पर अवर हे तर मी नुसतं वाचलं तरी मला खाज सुटते, किलोवॅट आधीच दर सेकंदाचं असतं हो!

या विषयावर लिहायला बसलं की १९९९चं ते मंगळाचं यान आलंच पाहिजे अशी प्रथा आहे, म्हणून घेते उरकून. मार्स क्लायमेट ऑर्बिटर, एका सॉफ्टवेअरने इंपल्स पाउंड-सेकंदात दिला, दुसऱ्याने तो न्यूटन-सेकंद समजून घेतला, फरक साधारण ४.४५ पट, यान गेलं. पण त्यात चिन्हाचा काय दोष? तिथे आकडा पुढे गेला आणि एकक मागे राहिलं, चिन्ह असतं तर निदान भांडायला काही होतं.

आणि एककच नसलं की काय होतं याचा कळस मॅग्नेटिझममध्ये आहे. तिथे जुनी सीजीएस, म्हणजे सेंटीमीटर-ग्रॅम-सेकंदवाली पद्धत अजून जिवंत आहे, हौस म्हणून नाही, सोयीची आहे म्हणून. बी (चुंबकीय फ्लक्सची घनता) याचं एकक गॉस, एच (चुंबकीय क्षेत्राची तीव्रता) याचं एकक ओर्स्टेड, आणि निर्वातात दोघांचा आकडा एकच येतो, त्यामुळे लॅबमध्ये लोक दोन्हींना बिनदिक्कत गॉस म्हणतात आणि काही बिघडत नाही. एसआयमध्ये आलात की बी टेस्लामध्ये, दहा हजार गॉसचा एक टेस्ला, आणि एच अँपियर दर मीटरमध्ये, एक ओर्स्टेड म्हणजे ७९.६ च्या आसपास. यात ईएमयू नावाचं एक प्रकरण आहे. इलेक्ट्रोमॅग्नेटिक युनिट. म्हणजे एककाचं नाव काय, तर 'एकक'. मॅग्नेटिक मोमेंट दिला असेल तर ईएमयू म्हणजे अर्ग दर गॉस, ससेप्टिबिलिटी (पदार्थ चुंबकीय क्षेत्राला किती दाद देतो ते) दिली असेल तर तेच ईएमयू घनसेंटीमीटर होऊन बसतं. खरं तर ते चिन्ह नाहीच, तो इशारा आहे की बाबा रे, हा आकडा त्या पद्धतीतला आहे.

आणि इशारा लागतो, कारण घनफळावर मोजलेली ससेप्टिबिलिटी ही दोन्ही पद्धतींत बिनएककाची राशी आहे. नुसता आकडा. शाळेत आपल्याला सांगितलेलं असतं की एकक नसलेली राशी कुठल्याही पद्धतीत तीच राहते, इथे राहत नाही, एसआयचा आकडा सीजीएसच्या चार पाय (4π) पट असतो, म्हणजे साधारण साडेबारा पट. का, तर चार पाय हा गोलाच्या पृष्ठभागातून येणारा गुणक एका पद्धतीने मूळ समीकरणांत ठेवला आणि दुसरीने तिथून उचलून दुसरीकडे नेला. आकड्यापुढे ना एम, ना म्यू, ना कॅपिटल-स्मॉलची भानगड, वाचणाऱ्याला शंका यावी असं काहीच नाही, आणि तरी आकडा साडेबारा पटीने चुकलेला असू शकतो.

म्हणून असं कोष्टक प्रूफात आलं आणि वर एसआय की सीजीएस ते लिहिलेलं नसलं की मी बाकी सगळं सोडून आधी पाण्याची ओळ शोधते. तिथे उणे नऊ दशलक्षांशाच्या आसपास काही असलं तर एसआय, उणे ०.७२ दशलक्षांश असलं तर सीजीएस. पाणी त्या कोष्टकात नसलंच तर मग लेखकाला मेल.